ठेवणीतली आणि रोजची

आपल्याकडे घरातल्या वस्तूंचे दोन प्रकार असतात. एक रोजच्या आणि दुसऱ्या ठेवणीतल्या. ठेवणीतलं लुगडं, ठेवणीतले कप, ठेवणीतली चादर. सणावाराला किंवा पाहुण्यारावळ्यांसमोर त्या बाहेर निघतात आणि काम झालं की डांबराच्या गोळ्यांच्या वासात परत कपाटात जातात. रोजच्या वस्तू मात्र धुऊन, घासून, आपटून झिजतात आणि कधी गेल्या ते कळतही नाही.

मोटारगाडीच्या बाबतीत असं काही असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी म्हणजे एकच, आणि ती रोजचीच. (फार तर नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढायचं नाही, एवढीच काय ती ठेवण!)

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याच्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार. गेल्या हिवाळ्याआधी त्याने आणखी एक गाडी घेतली. साधी, पाच दारांची, दहा वर्षं वापरलेली हॅचबॅक. कशाला, तर रोज ऑफिसला जायला. बहिणीला फोनवर हे काही पटेना. "घरात माणसं दोन, त्यात गाड्या दोन, आणि चांगली आहे ती झाकून ठेवायची?" तो म्हणाला, "अगं आई, ही रोजची. ती ठेवणीतली." यावर बहिणीने पुढे एक शब्द काढला नाही. तिच्या कपाटात तीन पैठण्या आहेत.

मला मात्र प्रश्न पडला. स्पोर्ट्‌स कार ही ठेवणीतली वस्तू झाली कधी? कारण जरा वाचायला घेतलं तर दिसलं, की मुळात ती तशी नव्हतीच.

१९२०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मॉरिस गॅरेजेस नावाचा मॉरिस गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीचा धंदा होता. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथे मॅनेजर झाला. साध्यासुध्या मॉरिसच्या चासीवर हलकी, देखणी बॉडी चढवून तो गाड्या विकू लागला. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं म्हणजे एमजी. पुढे कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. १९२९ मध्ये त्यांची एम-टाइप मिजेट बाजारात आली. खाली मॉरिस मायनरची चासी, ८४७ सीसीचं इंजिन, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली बॉडी आणि होडीसारखी निमुळती शेपटी. किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्‌स कार म्हणजे बड्या लोकांचा खेळ, हा समज या गाडीने मोडला. ती घेणारा तरुण तिच्यातूनच कामावर जायचा आणि तिच्यातूनच रविवारी फिरायला. ठेवणीतली आणि रोजची, दोन्ही एकच.

युद्धानंतरही तेच चित्र होतं. १९४५ ते १९४९ या काळात एमजीने टीसी नावाची गाडी बनवली, सुमारे दहा हजार. त्यातल्या बऱ्याच परदेशी गेल्या, कारण देशाला परकीय चलन हवं होतं. १९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. तिची काटकसर बघण्यासारखी आहे. दाराला बाहेरून कडी नाही, हात आत घालून दार उघडायचं. डिकीला झाकण नाही, सामान सीटच्या मागून आत कोंबायचं. इंजिन ९४८ सीसीचं, छोट्या ऑस्टिनमधलंच. ही गाडी झाकून ठेवण्यासाठी केलेली नव्हती. खिशात थोडे पैसे आणि अंगात बरीच हौस असलेल्या माणसाला रोज चालवता यावी म्हणून केलेली होती.

मग आली एमजीबी, १९६२ मध्ये. भाच्याकडे आहे ती हीच. सिड एनेव्हर हा तिचा मुख्य रचनाकार. १७९८ सीसीचं इंजिन, आत बऱ्यापैकी जागा, सामानाला नीट डिकी. (हीटर मात्र सुरुवातीला जादा पैसे भरून घ्यावा लागे. इंग्लंडात!) १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. इंग्लंडात राहिल्या त्या शिक्षकांनी, कारकुनांनी, नव्याने कमवायला लागलेल्या पोरापोरींनी घेतल्या आणि रोज वापरल्या. बारा महिने.

आणि त्या कुजल्या.

इथे जरा थांबून कसं ते सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ यात आहे. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात. चेशायर परगण्यात विन्सफर्डला जमिनीखाली मिठाची मोठी खाण आहे, तिथून ते येतं. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, रस्ता निसरडा होत नाही, माणसं वाचतात. पण गंज चढणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची क्रिया आहे आणि खाऱ्या पाण्यातून तो प्रवाह सहज वाहतो. त्यामुळे लोखंड कितीतरी वेगाने खाल्लं जातं. कोकणात समुद्राजवळच्या घरांचे खिडक्यांचे गज कसे पोपडे सुटून जातात, ते आठवा. तोच प्रकार. फक्त आपल्याकडे मीठ वाऱ्यावर येतं, तिकडे ते गाडीत भरून आणून रस्त्यावर शिंपडतात.

जुन्या टीसीला खाली वेगळी जाड चासी होती. वरचा पत्रा गेला तरी सांगाडा टिके. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात टप कापडी. पत्र्याचं छप्पर असलेल्या गाडीला ताकदीसाठी छपराचाही आधार असतो. इथे तो नाही. मग सगळा भार पेलतात दारांच्या खाली पुढून मागे जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या. त्यांना तिकडे सिल म्हणतात. पत्र्याचे थर जोडून केलेल्या या पेट्यांमध्ये चाकांनी उडवलेलं खारं पाणी शिरतं, चिखल साचतो आणि बाहेरचा रंग चकचकीत असताना आतून पत्रा कागदासारखा होतो. सिल गेले की गाडी मधोमध वाकू लागते. दारं नीट लागेनाशी होतात.

त्यात सरकारी तपासणी. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये गाड्यांची सक्तीची सुरक्षा तपासणी सुरू झाली, ज्याला लोक एमओटी म्हणतात. सुरुवातीला ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, १९६७ पासून तीन वर्षांवरच्या. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग तपासत. पुढे नियम कडक होत गेले तसा भार पेलणाऱ्या पत्र्यातला गंज हा गाडी नापास होण्याचा मोठा मुद्दा झाला. सिल कापून नवे जोडणं हे वेल्डरचं, दिवसच्या दिवस चालणारं काम. दहा-बारा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कोण करणार? गाड्या भंगारात गेल्या.

आता गोष्टीतली दुसरी बहीण. एमजीबीच्याच मालक कंपनीने, म्हणजे ब्रिटिश लेलँडने, १९७१ मध्ये मॉरिस मरिना नावाची गाडी आणली. ती ऑक्सफर्डच्या काउली भागात तयार व्हायची. ॲबिंग्डनपासून हे अंतर तसं हाकेचंच. मरिना ही अगदी साधी संसारी गाडी. चार दारं, मागे पोरं, डिकीत भाजी. दिसायला बरी, चालवायला बेताची. पण तिच्या मोठ्या मॉडेलमध्ये इंजिन कोणतं होतं? तेच, १७९८ सीसीचं, एमजीबीतलं. दोन कार्ब्युरेटरवाली एक मरिना तर जवळजवळ एमजीबीच्याच ताकदीची होती.

म्हणजे इंजिन एक, कंपनी एक, कारखाने शेजारी. एक ठेवणीतली झाली, दुसरी रोजची राहिली. पुढे काय झालं बघा.

मरिना ब्रिटनमध्ये भरपूर खपली. देशातल्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तिचं नाव असायचं. आज इंग्लंडात एखाद्या रविवारी उन्हात बाहेर पडलात तर एमजीबी सहज दिसेल. मरिना दिसली तर लोक थांबून फोटो काढतील, इतकी ती दुर्मिळ झाली आहे. मरिना वाईट होती म्हणून असं झालं, असं सरसकट म्हणतात. वाहिन्यांवर तिची यथेच्छ टिंगल झाली. पण गंज तर एमजीबीलाही तेवढाच चढत होता. फरक एवढाच, की एमजीबीचे सिल कापायला कुणीतरी बसलं आणि मरिनासाठी कुणी बसलं नाही.

त्याहून एक गोष्ट मला फार लागली. मॉरिस मायनर नावाची १९४८ सालची गुबगुबीत, लोकांची लाडकी गाडी आहे. तिचे जुने ड्रम ब्रेक आजच्या रहदारीत कमी पडतात. मग हौशी लोक काय करतात, तर मरिनाचे पुढचे डिस्क ब्रेक तिला बसवतात. अगदी नीट बसतात. मरिनाच्या दाराच्या कड्यांची तर आणखीच गंमत. त्याच कड्या लोटस एस्प्री या महागड्या स्पोर्ट्‌स कारला बसवलेल्या होत्या. अशा कितीतरी मरिना सुट्या होऊन लाडक्या गाड्यांच्या अंगाखाली गेल्या.

आपल्याकडे रोजच्या लुगड्याची गोधडी होते, तसंच हे. पैठणी कपाटात शंभर वर्षं राहते आणि रोजचं लुगडं आधी अंगावर, मग पाळण्यात, मग गोधडीत आणि शेवटी पोतेऱ्यात संपतं. दोघींत जास्त कामाला कोण आली, हे सांगायला नको.

एमजीबीचं नशीब उघडलं ते ती बंद पडल्यावर. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनला कारखान्याच्या पन्नास वर्षांचा सोहळा झाला आणि लगेच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. नवी मिळणार नाही म्हटल्यावर आहे ती जपायला हवी, हे लोकांना उमगलं. १९८८ मध्ये तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साचे शोधून एमजीबीची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. म्हणजे तुमची गाडी पूर्ण कुजली असेल तर इंजिन, चाकं, सीट काढून नव्या कोऱ्या सांगाड्यात बसवा. मेलेल्या गाडीला नवं शरीर!

आणि इथून पुढे "शनिवार-रविवारची गाडी" ही व्यवस्था पक्की झाली. जुन्या गाड्यांचा वेगळा विमा मिळतो. वर्षाला ठरावीक मैलांच्या आत चालवा आणि हप्ता कमी भरा. त्यासाठी बहुतेक वेळा अट अशी, की रोजच्या वापराला तुमच्याकडे दुसरी गाडी हवी. १९९८ पासून, गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला रीतसर कळवलं की तेवढ्या काळाचा रस्ता-कर लागत नाही. आता तर चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना तो करही माफ आहे आणि २०१८ पासून, मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटीसुद्धा सक्तीची नाही. थोडक्यात, ठेवणीतली गाडी ठेवायला सगळी मदत आहे. आधी रोजची मात्र हवी.

ती कशी असावी यावर तिकडे शास्त्रच तयार झालं आहे. जेम्स रपर्ट नावाच्या पत्रकाराने १९९०च्या दशकात "बँगरनॉमिक्स" नावाचं पुस्तक लिहिलं. बँगर म्हणजे खटारा. स्वस्तात चांगला खटारा घ्या, त्याच्यावर जीव लावू नका, मोठा खर्च निघाला की सोडून द्या, दुसरा घ्या. हिशोबाने अगदी बरोबर. स्पोर्ट्‌स कारचे दोन्ही सिल बदलण्याच्या पैशात अनेकदा अशी एक चालती गाडी येते. ती मीठ खाते, पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या दारांचे टोले खाते, पोरांच्या चिखलाच्या बुटांखाली येते. आणि तिच्या जिवावर दुसरी गॅरेजमध्ये मऊ कापडाखाली झोपते.

यात एक मेख आहे, तीही सांगतो. फार जपलं तरी गाडी मरते. महिनोन् महिने उभी राहिली की बॅटरी उतरते, टायरना एका जागी चपटेपणा येतो, रबरी सील सुकतात, ब्रेक अडकतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. शिवाय चालू करून दारातल्या दारात पाच मिनिटं घरघरवली तर आणखी वाईट. इंजिन नीट तापत नाही आणि आत धरलेली ओल तशीच राहते. म्हणून जाणती माणसं सांगतात, की काढाल तेव्हा वीस-पंचवीस मैल तरी सलग चालवा. पैठणीची घडी सुद्धा अधूनमधून मोडून नव्याने घालावी लागते, नाहीतर ती घडीवरच चिरते. आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

या दोन जाती पुन्हा एक कराव्यात असा एक प्रयत्न जपानी लोकांनी केला. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली, अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारचा आनंद, पण सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होणारी, तेल न गळणारी. २०१६ मध्ये तिच्या दहा लाख गाड्या पूर्ण झाल्या. पुष्कळ लोकांनी ती खरोखर रोज वापरली. आणि आता? मिठाच्या देशांत पहिल्या एमएक्स-५चे मागचे सिल कुजतात, आणि ज्यांच्याकडे चांगल्या राहिल्या आहेत ते लोक हिवाळ्यासाठी दुसरी गाडी शोधतात. पन्नास वर्षांनी तीच गोष्ट, पहिल्या पानापासून.

आता तुम्ही म्हणाल, या इंग्लंडच्या पुराणाशी आपला काय संबंध? तर संबंध आहे, आणि आपण सगळे त्यात बसून प्रवास केलेला आहे. एमजीबीच्या इंजिनाच्या घराण्याला बी-सिरीज म्हणतात. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ सालच्या एमजीए या फार सुंदर स्पोर्ट्‌स कारमध्ये होतं. आणि त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन पुढे कितीतरी वर्षं कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला तयार होणाऱ्या आपल्या अँबॅसिडरमध्ये होतं! लाल दिव्याची, लग्नातली, सहा माणसं आणि वळकटी घेऊन घाट चढणारी अँबॅसिडर नात्याने एमजीची बहीण. ही बहीण मात्र आयुष्यभर रोजचीच राहिली. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सी पंधरा वर्षांच्या नियमाप्रमाणे एकेक करून रस्त्यावरून जात आहेत. आता लोक अँबॅसिडर हौसेने रंगवून ठेवायला लागले आहेत. उरल्या थोड्या तेव्हा सुचलं.

मारुती ८०० चं उदाहरण तर अजून बोलकं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. त्या गाडीने देश बदलला असं आपण म्हणतो. ती पहिली गाडी पुढे कित्येक वर्षं दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. अखेर कंपनीने ती पुन्हा नवी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. तिच्या मागोमाग आलेल्या पंचवीस लाखांहून जास्त ८०० चं काय झालं? त्यांनी आपापल्या घरची पोरं शाळेत पोचवली, आजारी माणसं दवाखान्यात नेली आणि भंगारात गेल्या.

मला वाटतं, इतिहासाबद्दल आपली एक फसगत इथेच होते. जे टिकलं त्यावरून आपण काळ ओळखतो. संग्रहालयात तलवारी, दागिने, पैठण्या दिसतात आणि वाटतं तेव्हाचं जग असं झळझळीत होतं. पण ते जग चालत होतं खुरप्यांवर, जात्यांवर आणि ठिगळ लावलेल्या धोतरांवर. १९७५ सालचं इंग्लंड म्हणजे टप उघडलेली एमजीबी नव्हे. ते पावसात, काचांवर वाफ धरलेल्या मरिनात बसून कामावर जाणारं इंग्लंड होतं. टिकलेल्या वस्तू खोटं बोलत नाहीत, पण त्या फक्त रविवारचं सांगतात.

म्हणूनच पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय मला इतकं आवडतं. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी, दौती अशा रोजच्या वस्तू गोळा केल्या. ज्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या त्या. हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला एखादा अडकित्ता तिथे बघितला, की त्यामागे कितीतरी वर्षांच्या दुपारी दिसतात.

ठेवणीतलं ठेवू नये असं मी म्हणत नाही. सुंदर वस्तू जपावी, तिच्या वाट्याचं मीठ दुसऱ्या कुणी तरी खावं, हा हिशोब शहाणपणाचाच आहे आणि त्यामुळेच आज एमजीबी बघायला मिळते. फक्त ते मीठ कोण खातंय, इकडे मधूनमधून लक्ष असावं. गाड्यांच्या बाबतीत आणि घरातही. कारण प्रत्येक घरात एखादं माणूस असं असतं, जे सगळ्यांच्या सणावारासाठी स्वतः रोजचं होऊन राहतं. त्याचे फोटो अल्बममध्ये कमी असतात, कारण बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरात असतं.

तेव्हा एक करा. या आठवड्यात आपल्या रोजच्या गाडीचा, स्कूटरचा, सायकलचा एक फोटो काढून ठेवा. धुऊन-पुसून नको. चिखलासकट, पिशव्यांसकट, जशी आहे तशी. आणि शक्य असेल तर ती चालवणाऱ्या माणसासकट.